एकशे पासष्ट व्होल्टचा धवला

“चपला भायेर काढ. आन् कामापुरतंच बोल,” बळीरामशेट खुर्चीतून न उठता म्हणाला.

दयाराम घरत चपला काढूनच आत आला होता. बळीरामला ते दिसत नव्हतं असं नाही. पण दीड वर्षानंतर मेहुण्याशी पहिलं वाक्य बोलायचं तर ते अपमानाचंच असावं, हे त्याने बहुधा सकाळी अंघोळ करतानाच ठरवून ठेवलं असणार.

“कामापुरताच आलोय, शेट,” दयाराम म्हणाला. पूर्वी तो त्याला दादा म्हणायचा.

दिवाणखान्यात नवाकोरा रेडिओग्राम मांडला होता, चांगला कपाटाएवढा, सागवानी. शेजारी तिपाईवर जुना टेपरेकॉर्डर, मुंबईहून दुरुस्त होऊन आलेला. आणि खाली फरशीवर दोन लोखंडी खोकी. ती बळीरामच्या मुलाने, धर्मराजने, पसंत करून आणली होती. धर्मराज तीन वर्षं मुंबईला कॉलेजात राहिला आणि तेवढ्यात त्याला साऱ्या जगातलं कळायला लागलं होतं.

“मामा, चॉइस दोनच आहेत,” तो म्हणाला. आत्याच्या नवऱ्याला त्यांच्यात मामा म्हणतात, आणि बापाने भांडण काढलं म्हणून पोराने नातं सोडलेलं नव्हतं. “हा बूस्टर. आणि हा ऑटोमॅटिक स्टॅबिलायझर. आत करंट कितीही कमीजास्त येऊ दे, बाहेर दोनशे तीसच. यातला कुठला लावायचा, तेवढं सांगा.”

दयारामने आपला मीटर काढला, भिंतीवरच्या प्लगात तारा घातल्या आणि उकिडवा बसून राहिला. काटा एकशे पंच्याण्णववर होता. मग बाजारापलीकडच्या भाताच्या गिरणीत नवा लोड पडला आणि काटा घसरत एकशे ऐंशीपर्यंत आला. थोड्या वेळाने चढला, पुन्हा घसरला. माघ महिना होता. पनवेलच्या साऱ्या गिरण्या भात भरडत होत्या आणि गावातले सारे पंखे, दिवे, रेडिओ त्यांच्या तालावर डुलत होते.

“बूस्टर घ्याल तर रडाल,” तो म्हणाला. “त्याला नुसतं चढवता येतं. गिरण्या बंद झाल्या की इथं दोनशे साठ येतात, त्यात हा आणखी भर घालनार. ऑटोमॅटिक बरा, पन आतल्या पट्ट्या दिवसभर टकटक करनार. एक दिवस चिकटल्या की खेळ खलास. माझं ऐकाल तर हाताचा घ्या. चावी फिरवायची, काटा बघायचा. मान्साच्या हाताइतकं भरवशाचं काय नाय.”

“मान्साच्या हाताचा भरवसा तू मना सांगतंस?” बळीराम खुर्चीतच पुढे झुकला. “माजी भन तुज्या हातात दिली व्हती.”

धर्मराज खाली बघायला लागला. दयारामने मीटरच्या तारा गुंडाळल्या, खिशात घातल्या.

“ऑटोमॅटिक जोडतो,” तो म्हणाला.

अडला हरी गाढवाचे पाय धरी म्हणतात, पण इथे हरी कोण आणि गाढव कोण हे सांगणं कठीण होतं. मुंबईच्या दुकानाचा माणूस पनवेलला यायला तयार नव्हता. गावातले बाकीचे वायरमन पंख्यापलीकडे गेलेले नव्हते. दयाराम मात्र मुंबईच्या गोदीत अकरा वर्षं जहाजांची वायरिंग करून आलेला. बाजारपेठेत पुढे दुकान, मागे घर. कामाला चोख आणि तोंडाने फाटका. अमुक रेडिओ घेऊ का विचारायला आलेल्या माणसाला तो ‘घेऊ नका, तुम्हाला कान नाहीत’ असंही सांगे. खरं बोलणारा म्हणून त्याचं नाव होतं, त्यामुळे गिऱ्हाईक निरुपाय झाल्यावरच त्याच्याकडे यायचं.

त्याची बायको भामा धवलारीण होती. आगऱ्यांचं लग्न धवलारिणीशिवाय लागत नाही. हळद दळण्यापासून वरमाळेपर्यंत प्रत्येक गोष्ट तिने धवला गाऊन सांगायची, देवांना, खाडीला, शेताबांधाला, घरातल्या गेलेल्या माणसांना नावानिशी मांडवात बोलवायचं. तिच्या तोंडात एवढी नावं कशी राहतात याचं लोकांना नवल वाटे. भामाचा आवाज जाडा होता. चार बायकांत तो वेगळा कळे. दुकानात गिऱ्हाईक असताना आतून “आवो, जेवाया येताव नं?” अशी तिची हाक आली की दयाराम ओशाळायचा. “हळू बोल गो,” हे त्याने तिला सव्वीस वर्षांत इतक्या वेळा सांगितलं होतं की शेवटी तिने हाक मारणंच सोडून कडी वाजवायला सुरुवात केली. आणि तिचा धवला त्याने कधी बसून ऐकला नव्हता. तो लग्नांना असायचा, नाही असं नाही. पण मांडवाबाहेर, दिव्यांच्या तारांपाशी. बायको आत गात असे, नवरा बाहेर फ्यूज बांधत असे.

चीनच्या लढाईनंतरच्या माघात बळीरामच्या थोरल्या मुलीचं लग्न झालं. बळीराम मिठागरांचा मोठा ठेकेदार. त्याने भाड्याचं काही आणलं नाही. लग्नासाठी म्हणून परदेशी टेपरेकॉर्डर विकत घेतला आणि हळदीच्या संध्याकाळी बहिणीचा अख्खा धवला टेपवर उतरवला. चौथ्याच दिवशी यंत्र जळलं. ते तसंच कपाटात पडलं आणि टेप बिस्किटांच्या डब्यात गेली. पुढच्या भाद्रपदात भामाला कावीळ झाली. तिला मुंबईचं इस्पितळ नको होतं, वैदूचं औषध हवं होतं. दयारामने तिचं ऐकलं. जन्मात एकदाच त्याने तिचं निमूट ऐकलं आणि तेच नडलं. दहाव्याला खाडीच्या काठावर, साऱ्या भावकीसमोर बळीराम ओरडला, “माजी भन तू मारलीस!” दयाराम स्वतःला तेच म्हणत होता.

आता यंत्र दुरुस्त करून आणलं होतं ते म्हातारीच्या हट्टापायी. गंगाबाई, बळीरामची आई. तिची दृष्टी गेली होती आणि तिला मरायच्या आधी लेकीचा आवाज ऐकायचा होता. दयारामलाही तेच हवं होतं, पण मागायला त्याला तोंड नव्हतं. भामाचा फोटो होता त्याच्याकडे. आवाज मात्र हातातून निसटत चालला होता. अलीकडे पहाटे जाग आली की तो तिची एखादी हाक आठवून बघे, आणि शब्द आठवत, आवाज आठवत नसे. म्हणून तर धर्मराजचं बोलावणं आलं तेव्हा तो अपमानाची पूर्ण तयारी ठेवून निघाला होता. दिवाणखान्यात उभं राहून एकदा ती टेप ऐकायची, बस. त्यासाठी बळीरामने चार शिव्या घातल्या तर घालू देत.

स्टॅबिलायझर जोडून झाला. दयारामने मीटर लावून बघितला. दोनशे तीस, जागचा हलत नव्हता. धर्मराजने टेप चढवली, रेडिओग्रामला वायर जोडली आणि बटण दाबलं. आधी मांडवातला गलका आला. भांडी, पोरं, कुणीतरी पाट मागत होतं. मग धवला सुरू झाला.

आवाज स्वच्छ होता, बारीक होता. एखाद्या सोळा वर्षांच्या पोरीने लगबगीने गावं तसा.

“क्लिअर!” धर्मराज म्हणाला. “आता करंट करेक्ट आहे ना, म्हणून.”

बळीरामचे डोळे भरून आले होते. “काय गला हाय!” तो म्हणाला. “रेडिओवर गायाची लायकी व्हती माज्या भनीची. कुनाच्या घरात पडली.”

दयाराम ऐकत राहिला. एक ओळ गेली, दुसरी गेली.

“ही भामा नाय,” तो म्हणाला.

“काय म्हनलास?”

“भामाचा आवाज असा नव्हता. जाडा होता.”

बळीराम उठलाच. “तू मना शिकवनार? आमी अंगाखांद्यावर खेळवली तिला! ती जित्ती व्हती तवा तिला ‘हळू बोल, हळू बोल’ करून मारलीस. माज्या आयेला सांगितलेलं तिनं रडून. आन् आज तुला तिचा आवाज वलकू येतो?”

ती रडली होती, हे दयारामला आज पहिल्यांदाच कळत होतं.

तेवढ्यात आतल्या खोलीतून म्हातारीची हाक आली. “बलीराम, कोनाची पोर गाते रं ती? भामाचं लाव नं.”

“आये, भामाच हाय ती!”

“मना येडी समजलास? माजे पोटची हाय भामा. मना नाय कळनार?”

बळीराम गोंधळला. आईला हल्ली भ्रम होतो, असं तो मुलाला पुटपुटला, पण त्याचं त्यालाच पटलेलं दिसलं नाही. धर्मराजने टेप थांबवली. दयाराम खाली बसून फिरकीकडे पाहत होता. खाली मोटर, वर फिरकी. करंट भरपूर तर मोटर जोरात, करंट थोडा तर मोटर सुस्त. आज दोनशे तीस आहे. मग त्या संध्याकाळी किती होता? आणि त्याला तो मांडव आठवला. मेहुण्याच्या घरचं लग्न म्हणून हौसेने त्याने चारशे बल्ब लावले होते, सगळे याच घराच्या लाइनीवरून. गिरण्या चालू होत्याच. बल्ब पिकल्या पपईसारखे पिवळे झाले तेव्हा लोक म्हणाले, काय शोभा आली! त्यालाही तसंच वाटलं होतं. तो खांबापाशी उभा राहून आपली शोभा बघत होता, आणि आत मोटर रखडत होती, टेप हळू सरकत होती. हळू भरलेली टेप आज जोरात फिरली की बाई पोर होणारच.

गप्प राहणं सोपं होतं. बळीराम त्या बारीक आवाजावर खूश होता, पाहुण्यांना तो ऐकवणार होता. चार वर्षांनी सगळ्यांना तोच भामाचा आवाज वाटला असता. आणि बोलायचं म्हणजे शत्रूच्या हाती आयतं कोलीत द्यायचं. दयारामला हे चांगलं कळत होतं. पण भामाच्या नावावर भलतीच कुणी पोर खपवली जावी, हे त्याला सोसेना.

“माझी चूक हाय,” तो म्हणाला, आणि सगळं सांगितलं. बल्ब, लाइन, मोटर. “टेप चांगली हाय. कमी करंटावर लावली की आवाज सापडंल. हे खोकं ते करनार नाय, ते दोनशे तीस सोडत नाय. माझ्या टेबलावरचा हाताचा घेऊन येतो.”

बळीराम सावकाश म्हणाला, “म्हंजे तिचा आवाज बी तूच बिघडवलास.”

“हां. मीच.”

“जा आन् परत येव नको.”

दयाराम गेला आणि परत आला. भर दुपारी बाजारपेठेतून सोळा किलोचं लोखंडी धूड खांद्यावर घेऊन तो आला तेव्हा बळीराम दारातच उभा होता. “तुजी वस्तू माज्या घरात नको,” तो म्हणाला. दयाराम तसाच उन्हात उभा राहिला. शेवटी भिंत चाचपत गंगाबाई बाहेर आली. “येव दे त्याला,” ती म्हणाली. “मना तरी काय आता लय दिवस आयकायचं हाय?” बळीराम बाजूला झाला, पण अर्धाच. दयारामला अंग चोरून आत यावं लागलं.

रेडिओग्राम त्याने स्टॅबिलायझरवरच ठेवला आणि टेपरेकॉर्डरची वायर तेवढी आपल्या खोक्यात घातली. टेप सुरू झाली. त्याने चावी हळूहळू मागे घ्यायला सुरुवात केली. दोनशे दहा. दोनशे. पोर वयात आली. एकशे नव्वदला ती भामाची कुणी धाकटी बहीण वाटली. एकशे ऐंशीला भामाच वाटली, आणि त्याचा हात थांबला. कारण त्याला खात्री नव्हती. प्रत्येक आकड्यावर एक बाई गात होती आणि त्यातली आपली बायको कुठली ते त्याला सांगता येत नव्हतं. त्याने चावी आणखी मागे घेतली. एकशे पंचावन्नला आवाज बाप्यासारखा झाला. नाही, एवढा नाही. थोडी पुढे. एकशे साठ. एकशे पासष्ट.

ओळ संपली आणि पुढच्या ओळीआधी बाईने नाकातून “हं” करून श्वास घेतला. चुलीपुढून उठताना भामा असाच घ्यायची.

“हीच,” दयाराम म्हणाला. त्याच वेळी म्हातारी मटकन खाली बसली. “आली गो माजी बाय,” ती म्हणाली आणि रडायला लागली.

बळीराम भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. तो बारीक, गोड आवाज आता कुणालाच नको होता. हा जाडा, ओबडधोबड आवाज घरभर गेला आणि मागच्या दारी भांडी घासणारी बाईसुद्धा हात तसेच ठेवून आत डोकावली.

पण गिरणी काही कुणाच्या दुःखासाठी थांबत नाही. तिकडे लोड पडला, काटा पासष्टवरून पंचावन्नकडे निघाला आणि भामाचा आवाज खोल विहिरीत उतरायला लागला. दयारामने चावी पुढे केली. लोड सुटला, काटा वर पळाला. त्याने चावी मागे घेतली. मग त्याला हात काढताच आला नाही. डोळे काट्यावर, बोटं चावीवर. गिरणीचा लोड पडताच भिंतीवरचा दिवा किंचित मंदावे. तेवढ्यावरून त्याला आधीच हात हलवावा लागे. एका पायावरचा भार दुसऱ्या पायावर घेत तो वाकून उभा होता. बसायला त्याला कुणी काही दिलं नाही. चाळीस मिनिटं टेप चालली. चाळीस मिनिटांत काटा त्याने एकशे पासष्टवरून दोन रेघाही हलू दिला नाही.

टेपचं टोक सुटून फिरकीवर फटफट वाजायला लागलं तेव्हा धर्मराजने बटण बंद केलं.

“आकडा लिवून घे,” बळीराम मुलाला म्हणाला. त्याचा आवाज बसला होता, पण त्यातली धार तशीच होती. “उद्या मुंबैला जाव आन् असाच हाताचा नवा घेऊन ये.” मग दयारामकडे न बघता, “आन् तू तुजा उचल. या दारातलं तुजं काम झालं.”

“शेट, एकदा पुन्हा...” दयाराम म्हणाला आणि थांबला.

“झालं म्हनलं नं.”

दयारामने तारा सोडवल्या, गुंडाळल्या. खोकं खांद्यावर घेतलं. तो म्हातारीच्या जवळून जाताना तिने हात पुढे करून त्याचं धोतर धरलं.

“आयकलंस नं रं? कशी गायली माजी पोर?”

हो म्हणायला काय जात होतं? कुणी तपासायला येणार नव्हतं. पण खोटं बोलायची त्याला सवय नव्हती.

“नाय, आये,” तो म्हणाला. “मी काटा बघत व्हतो. ध्यान हटलं असतं तर आवाज गेला असता.”

बळीराम कडवट हसला. “लग्नात बी नाय आयकलं, आज बी नाय.”

म्हातारीने लेकाकडे लक्ष दिलं नाही. तिने धोतराचा सोगा आणखी घट्ट धरला. “मंग मी सांगते,” ती म्हणाली. “पयला सुर्व्याला बोलावला. मंग खाडीला. मंग आमच्या गेलेल्या मान्सांना एकेक करून बोलावलं, आज्यापनज्यापावत. आन् मंग, रीत नाय तशी, पन तिनं मदीच घातलं बग... मांडवात उजेड करनारा दयाराम भायेर उभा हाय, म्हनली, त्याला कुनी तरी पाट द्या.”

दयारामच्या खांद्यावर सोळा किलोचं लोखंड होतं. ते खाली ठेवायचं त्याला सुचलं नाही.

“मंग?” त्याने विचारलं. “पुढं काय म्हनली, आये?”